साठाव्या पानाच्या पुढे

माझी नोकरी सिंदी रेल्वेला होती आणि घर सिंदी मेघेला. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणायचा, मग काय, चालतच जात असाल. दोन सिंदींच्या मध्ये पाऊण तासाची पॅसेंजर आहे, हे त्याला समजावून सांगावं लागे. त्या गाडीनं मी सव्वीस वर्षं गेले-आले. शाळेत मराठी शिकवायची, आठवी ते दहावी. व्याकरणाची कडक बाई अशी माझी ख्याती होती. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दिसायच्या, मुहूर्त नंतर. आणि खोटं कशाला बोलू, याचा मला अभिमान होता.

आमच्या शाळेतले गणिताचे सर त्याच गाडीनं येत. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं. बसायला जागा मिळाली की पिशवीतून पुस्तक काढायचं आणि सिंदी आली की पानाचा कोपरा न दुमडता मिटायचं, कुठं थांबलो ते त्यांच्या लक्षात राहायचं. एक दिवस त्यांनी एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. साडेसहाशे पानं. म्हणाले, तुम्ही मराठीच्या, तुम्ही वाचा आणि मला सांगा.

मला बरं वाटलं. त्याच रविवारी वाचायला घेतली. प्रकरणं नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत, एकेक वाक्य दोन-दोन पानं चाललेलं. नदीकाठच्या गावातला एक माणूस सकाळी घरातून निघून जातो आणि परत येत नाही, एवढं मागच्या वेष्टनावर छापलेलं होतं म्हणून कळलं. आत मात्र कोण बोलतंय, कधीचं बोलतंय, काही पत्ता लागेना. त्यात भर म्हणजे लेखक त्या माणसाला एका ओळीत 'तो' म्हणायचा आणि दुसऱ्या ओळीत 'ते'. तो निघाला तेव्हा ऊन नव्हतं. ते जेवले नव्हते. मला वाटलं, छापण्याआधी कोणी नीट तपासलेलं दिसत नाही. शिक्षकाची खोड ती. मी पेन्सिल घेतली आणि जिथं जिथं 'ते' आलं तिथं गोल करत गेले. साठाव्या पानापर्यंत गोल केले आणि कंटाळून पुस्तक ठेवून दिलं. पुढं दोन-तीनदा पुन्हा घेतलं. दरवेळी साठाच्या आसपास कुठंतरी माझा धीर सुटला.

सरांना मात्र मी तसं सांगितलं नाही. आधी सांगितलं, चालू आहे. मग सांगितलं, निम्मी झाली. मग एकदा म्हणून टाकलं, संपली, फार ताकदीची आहे. मराठीच्या बाईला मराठी कादंबरी समजली नाही, हे गणिताच्या माणसापुढं कबूल करायला जीभ रेटेना. गोष्ट तिथंच थांबली असती, पण शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता आणि मुख्याध्यापकांनी ऐनवेळी मला एखाद्या आवडत्या पुस्तकावर बोलायला सांगितलं. सर समोर बसलेले. मी त्याच कादंबरीवर दहा मिनिटं बोलले. वेष्टनावरची दोन वाक्यं, चार मोठाले शब्द, बाकी आवाजाचा चढउतार. टाळ्या पडल्या.

परतीच्या गाडीत सरांनी विचारलं, "बहिणीचं पत्र येतं, तो भाग कसा वाटला तुम्हाला?"

मी म्हटलं, "डोळ्यांत पाणी आलं सर."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्या मान हलवण्यात काहीतरी होतं. घरी पोचल्यावर चपला काढल्या न काढल्या तोच मी ती कादंबरी काढून पानं उलटत बसले. पत्र शोधलं, मग बहीण शोधली. स्वयंपाक आमच्या ह्यांनी केला त्या दिवशी. साडेसहाशे पानांत पत्र नव्हतं आणि त्या माणसाला बहीणही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी बायकांच्या डब्यातून गेले. नंतर पुन्हा जुन्या जागी बसू लागले. सरांनी तो विषय कधी काढला नाही आणि पुस्तक परतही मागितलं नाही. काही वर्षांनी ते निवृत्त झाले, मुलाकडं पुण्याला गेले. दिवाळीला फोन व्हायचा. तब्येत, पाऊसपाणी, शाळेत आता कोण आहे, एवढंच.

मीही निवृत्त झाले. त्यानंतर चारेक वर्षांनी आम्ही घराला रंग द्यायला काढला आणि सगळी पुस्तकं समोरच्या पडवीत आली. एका शाळेच्या वाचनालयाला बरीचशी द्यायची ठरवलं होतं. मी दोन ढीग करत बसले होते, तेवढ्यात भाजीवाली आली.

ही बाई मंगळवार-शुक्रवारी यायची. सेलू रस्त्यावरच्या एका खेड्यात तिची नवऱ्याबरोबर भाजीपाल्याची वाडी होती. पालक, मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते स्कूटीला दोन्ही बाजूंनी बांधायचं, बोरगाव मेघेची घरं आटपून मग आमच्याकडं. वय पस्तीस-छत्तीस. आमच्याकडं आली की पाणी पिऊन पाच मिनिटं टेकायची, कारण आमचं शेवटचं घर. त्या दिवशी टेकली ती पुस्तकांच्या ढिगाशेजारी. वरची एक-दोन उलटून पाहिली आणि खालून ती कादंबरी ओढून काढली.

"काकू, हे मले देता का वाचाले?"

मी चमकले. वर्षभर मी तिच्याशी मेथीच्या जुडीपलीकडं फारसं बोलले नव्हते. तिला वाचायची आवड आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिनं सांगितलं की तिची सासू वाडीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात पायाला वजन टांगून ठेवलंय, महिना-दीड महिना हलायचं नाही. सकाळी नवरा बसतो, दुपारभर ती बसते.

"दुपारभर नुस्तं बसून राहा लागते," ती म्हणाली. "पातळ पुस्तक एका दिवसात सरते. मंग त्या सलाईनच्या थेंबाकडं पाहत बसा."

मी तिच्यापुढं सोपी पुस्तकं केली. कथा होत्या, एक हलकीफुलकी कादंबरी होती. तिनं ती बाजूला ठेवली. मी म्हटलं, अगं, हे फार अवघड आहे. ती म्हणाली, बारावी झाली हाय माझी. मी पुन्हा म्हटलं, तसं नाही, याची वाक्यं लांब आहेत, कोण बोलतं ते कळत नाही. मी तिला परावृत्त का करत होते, ते माझं मलाच उमगेना. पुस्तक तर मी देऊनच टाकणार होते. शेवटी तिनं सरळ विचारलं, "तुमाले नसन द्यायचं त राहू द्या."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "द्यायचं नाही असं नाही. मी स्वतःच ते वाचलेलं नाही. साठ पानांच्या पुढं मला जमलंच नाही."

हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. शिडीवरचा रंगारी खाली बघायला लागला असं मला वाटलं, पण तो आपल्या भिंतीकडंच बघत होता. भाजीवालीला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"मंग बरंच हाय," ती म्हणाली. "पुढं काय होते ते तुमी मले सांगनार नाई."

पुस्तक स्कूटीच्या डिक्कीत तराजूशेजारी गेलं. मला वाटलं, आठवड्याभरात परत येईल.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दामच विचारलं. ती म्हणाली, चाललं हाय. हे उत्तर मला ओळखीचं होतं, म्हणून मी मनात हसले. पण तिनं पुढं सांगितलं ते वेगळं होतं. पहिल्या दिवशी ती मनातल्या मनात वाचत होती, तर सासू चिडली. म्हणाली, मी काय भिंत हाय का, मोठ्यानं वाच. तेव्हापासून ती मोठ्यानं वाचायची. ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू, दिवसाला दहा-बारा पानं. सासू शाळेची पायरी चढलेली नव्हती. समजतं का त्यांना, मी विचारलं. ती म्हणाली, मलेच समजत नाई त त्यायले काय समजन, पण ऐकते. वाक्य लांब असलं की डोळे मिटून ऐकते.

मंगळवारी ती आली ती गाडी लावायच्या आधीच बोलायला लागली. मी तिला पडवीत बसवलं आणि सगळं सावकाश सांगायला लावलं.

झालं असं होतं की वाचताना माझे पेन्सिलीचे गोल आले की ती अडखळायची. सासूनं विचारलं, काऊन थांबते तू अशी घडीघडी? तिनं सांगितलं, ज्यांचं पुस्तक आहे त्या काकू मराठीच्या मास्तरीण होत्या, त्यांनी इथं चूक दाखवली आहे. त्या माणसाला कधी 'तो' म्हटलंय, कधी 'ते'. सासूनं तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग त्याच्या आधीची, मग त्याच्या पुढची. आणि म्हणाली, चूक नाई ते.

"बुढी म्हने," भाजीवाली सांगत होती, "माय आपल्या पोराले कधी 'ते' म्हनते का? अन् बायको आपल्या मानसाले कधी 'तो' म्हनते का? म्हने, दोघी बोलून राह्यल्या. 'तो' आला की माय बोलते, 'ते' आलं की बायको. एका घरात बसून दोघी बोलतात, पन एकमेकीशी बोलत नाईत."

ती म्हणाली, मग त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. आता सासू ऐकता ऐकता बोट वर करून सांगते, आता माय, आता सून. एकदाही चुकत नाही.

ती गेल्यावर मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. आदरार्थी बहुवचन मी दरवर्षी शिकवलं होतं. 'बाबा आले' हे उदाहरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. घरात मी स्वतः नवऱ्याबद्दल बोलताना 'हे' म्हणते, आणि माझ्या सासूबाई ह्यांना शेवटपर्यंत 'तो' म्हणत आल्या. एका स्वयंपाकघरात उभ्या राहून आम्ही दोघी एकाच माणसाबद्दल अशा बोलायचो. आणि ते कागदावर आलं तेव्हा मी त्याभोवती गोल काढले. लेखकानं दार उघडून ठेवलं होतं आणि मी त्या दारालाच चूक म्हणून खूण करून परत फिरले होते. वाचता न येणाऱ्या बाईला ते कळलं, कारण तिनं ऐकलं. मी वाचत नव्हतेच, तपासत होते.

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. दिवाळी नव्हती, त्यामुळं सर आधी घाबरले. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. आणि मग म्हटलं, "सर, त्या कादंबरीत बहीण नाही."

मला वाटलं, त्यांना आठवत नसेल. वय पंचाहत्तरीला आलेलं.

"नाही," ते म्हणाले. "पत्रही नाही. तसं विचारायला नको होतं मी. मला फार दिवस ते लागून राहिलं."

मी म्हटलं, चूक माझी होती. ते म्हणाले, थांबा, माझंही ऐकून घ्या. आणि त्यांनी जे सांगितलं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. सुरुवातीची शंभर पानं त्यांनाही कळली नव्हती. पुढं नेटानं वाचली, पण कोण बोलतं त्याचा छडा लागला नाही. मराठीच्या बाई आहेत, त्या समजावून सांगतील, म्हणून पुस्तक मला दिलं होतं. मी टाळत गेले तेव्हा त्यांना वाटलं, बाईंना समजलंय, पण मला सांगावं इतका मी त्यांना जाणकार वाटत नसेन. आणि मग त्या कार्यक्रमात मी वेष्टनावरची वाक्यं बोलले. ती त्यांना पाठ होती. त्यांना राग आला, आणि रागाच्या भरात ती बहीण तयार झाली.

म्हणजे आम्ही दोघं पाऊण तास समोरासमोर बसून रोज जात होतो, एकाच जागी अडलेले, आणि एकमेकांना विचारत नव्हतो.

मग मी त्यांना 'तो' आणि 'ते' सांगितलं. एका दमात नाही, त्यांनी मला दोनदा थांबवलं, पुन्हा सांगा म्हणाले. कोणी शोधून काढलं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दवाखान्यात पाय मोडून पडलेल्या एका आजींनी, त्यांना अक्षरओळख नाही. सर म्हणाले, "आता माझे डोळे साथ देत नाहीत, नाहीतर आज पुन्हा पहिल्या पानापासून घेतली असती." सूनबाईला सांगून कोणाकडून तरी वाचून घ्या, असं मी सुचवलं. बघतो, म्हणाले.

त्यानंतर महिनाभर मी मंगळवार-शुक्रवारची वाट पाहत राहिले. भाजी हे निमित्त राहिलं. आता दिवसाला वीस-पंचवीस पानं व्हायची, गोष्ट पुढं सरकत होती. कादंबरीतल्या त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या, ते तीनशेव्या पानाच्या पुढं. पूर आला. नदीवर नाव चालवायचं काम त्यातल्या सुनेनं हातात घेतलं. वॉर्डातल्या आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका कान देऊ लागल्या होत्या. एक नर्सबाई होती, तिची ड्युटी असेल त्या दिवशी ती औषधाचा ट्रे घेऊन मुद्दाम याच खाटेशी रेंगाळायची. पण तिच्या सुट्टीच्या दिवशी पुढं गेलेलं तिला कळायचं नाही, मग म्हातारी तिला मधलं सगळं सांगायची.

हाड जुळलं, म्हातारी घरी गेली, त्या वेळी पन्नास-साठ पानं उरली होती. मला वाटलं, आता घरची कामं, वाडीची कामं, वाचन राहून जाणार. तसं झालं नाही. वाचन थांबवलं ते म्हातारीनं. घरी आल्यावर दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, बस, मिट आता. सुनेला काही कळेना. तिनं शेवटची चाळीस पानं एकटीनं, वांग्यांना पाणी लावून धुऱ्यावर बसून वाचली आणि पुस्तक त्या नर्सबाईला देऊन आली. मला विचारल्याशिवाय दिलं म्हणून ती माझ्याकडं येऊन ओशाळली. मी म्हटलं, बरं केलंस.

पण म्हातारीला भेटावं असं मला फार वाटू लागलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी भाजीवाली मला स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेली. वाडीच्या कडेला टिनाचं छप्पर, त्याखाली खाट, खाटेवर म्हातारी पाय लांब करून बसलेली. समोर मेथीचा ढीग. ती जुड्या बांधत होती. किरकोळ अंगाची, केस पांढरे, आवाज मात्र दणदणीत. वॉकर शेजारी उभा होता, त्यावर तिचा टॉवेल वाळत होता.

मी तिच्यासाठी संत्री नेली होती. तिनं ती उशाशी ठेवली आणि मला बसायला सांगितलं. तिनंच विचारलं, "मास्तरीनबाई, एवढ्या शिकेल तुमी. तुमी काऊन नाई वाचलं?"

मी म्हटलं, समजत नव्हतं. आणि समजत नाही हे सांगायची लाज वाटत होती.

"समजत नाई त इचारा लागते," ती म्हणाली. रागानं नाही, मेथीची देठं सारखी करता करता. मग थोड्या वेळानं म्हणाली, तिलाही सगळं समजलं नाही. नदीचं ते लांबलचक वर्णन येतं तिथं ती दोनदा झोपली होती. ते ऐकून मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

मीही जुड्या बांधायला घेतल्या. माझी जुडी सैल होत होती, ती तिनं काही न बोलता सोडून पुन्हा बांधली. मी विचारलं, शेवट का ऐकला नाही? तो माणूस परत आला की नाही, हे जाणून घ्यावंसं वाटलं नाही?

तिनं हात थांबवले. पलीकडं सून विहिरीवरची मोटर सुरू करायला गेली होती, तिच्याकडं एकदा पाहिलं.

"आधी मले बी वाटे, आला पाह्यजे," ती म्हणाली. "तीनशे-चारशे पानं तेच वाटे. मंग त्या दोघी नाव चालवू लागल्या. एका ताटात जेवू लागल्या. आता तो आला, त पुन्हा एक माय होईन अन् एक बायको होईन. अन् नाई आला, अन् पुस्तकात मेला म्हनून लिवलं, तरी रडनंच हाय. म्हनून म्या म्हटलं, मिट. जिथं बऱ्या हायेत तिथंच राहू दे त्यायले."

तिच्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. भाजीवाली परत आली, तिनं चहा ठेवला. चहा पिताना तिनं मला हळूच विचारलं, काकू, मले शेवट माहीत हाय, सांगू का. मी नको म्हटलं. नर्सबाईचं वाचून झालं की पुस्तक माझ्याकडं येईल, मग मी वाचेन.

म्हातारीनं ते ऐकलं. "वाचजा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचजा. घाई करू नका. अन् शेवट मले सांगू नका."

नर्सबाई अजून वाचते आहे. दोनशे पानं झाली, असा तिचा निरोप आहे.